कबनूरला कळू द्यायचं नाही

१७ फेब्रुवारी
काल पहिला खेटा, लोक पाच रविवार चालत देवाला येतात ते. रविवार, जोतिबाच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नाही. दुकानात गुलालाची नवी पोती मीच फोडली, ह्यांचे हात खोबऱ्यात गुंतलेले. दुपारी छातीत शिट्टी वाजायला लागली. गिऱ्हाईक समोर उभं, "किती झालं मावशी?" आणि मला आकडा बोलता येईना. बोटांनी सांगितलं.

आत जाऊन भिंतीला टेकून बसले. सासूबाईंचं, आत्तींचं, ठरलेलं वाक्य: "डोंगराचा वारा हाय. मला सोसतोय, माझ्या लेकाला सोसतोय, तुलाच कसा सोसंना?" लग्न होऊन इथं आले तेव्हापासून वारा हाच आहे. गेल्या कोजागिरीला त्यांनीच मला छातीसाठी देतात ते खिरीतलं औषध खाऊ घालून आणलं होतं. म्हणजे मनातून त्यांनाही ठाऊक आहे, वारा नव्हे.

आमची पोर ऋतुजा म्हणते दवाखान्यात जा. म्हटलं, खेटे संपू देत.

२१ फेब्रुवारी
आक्कानं ऐकलं नाही. सकाळी गडमुडशिंगीहून वर आली आणि मला धरून खाली घेऊन गेली. थोरली बहीण, तिच्यापुढं कोण बोलणार. कोल्हापुरात छातीच्या डॉक्टरीणबाई आहेत, आक्काच्या जावेला त्यांचाच गुण आला.

नळीत फुंकायला लावलं. "अजून, अजून, सोडू नका." डोळ्यांपुढं काजवे. मग औषध ओढायला दिलं, थोडा वेळ बसवलं, पुन्हा फुंकलं. दुसऱ्या वेळी जास्त गेलं, मलाच कळलं. मॅडम कागद बघून म्हणाल्या, दमा आहे.

"ॲलर्जी म्हणा की मॅडम."

"ॲलर्जीनंच झालाय. पण नाव दमाच."

आतल्या नळ्या सुजतात, आवळतात. आत गेलेली हवा बाहेर यायला वाट मिळत नाही, म्हणून शिट्टी. दोन पंप दिले. एक रोजचा, बरं असलं तरी ओढायचा, सूज उतरवायला, वर चूळ भरायची. दुसरा निळा, धाप लागली तरच. निळा सारखा लागायला लागला तर समजायचं, आत काहीतरी बिघडतंय.

"घरात धूर, धूळ काही?"

"गुलालाचं दुकान आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

२२ फेब्रुवारी
पंप साडीच्या घडीत ठेवले होते. आत्तींनी कधी बघितले देव जाणे.

"पंप लागला की सुटत न्हाय. मरस्तवर. आन् कबनूरच्या लोकांस्नी कळलं तर? आई दमेकरी म्हणजे पोरगी बी तसलीच, लोक असंच म्हणत्यात."

ऋ.ला कबनूरचं स्थळ आलंय. मुलगा सागर, एकुलता एक. घरचे यंत्रमाग, खाली माग, वर राहतं घर. फोटो दोन्हीकडून पसंत. दहा-बारा दिवसांत बघायला येणार.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय म्हणता? त्यांनी दाराकडं बघून घेतलं. मग, "पंप ओढ. पर कुनाला दिसू दिऊ नगंस."

चोरासारखी न्हाणीत जाऊन ओढला. पाणी सोडून, आवाज जाऊ नये म्हणून.

२ मार्च
खेटा. तोंडाला ओढणी गच्च बांधून गल्ल्यावर बसले. एक पावणं हसून म्हणालं, "काय मावशी, अजून कोरोना हाय व्हय तुमच्यात?" मीही हसले. हसताना खोकला.

निळा, दोनदा. दुकानामागं, रिकाम्या पोत्यांआड. पोती झटकलेली नव्हती. म्हणजे गुलालातच बसून गुलालाचं औषध.

६ मार्च
कबनूरचे आले आणि गेले. माणसं चांगली वाटली, हेच अवघड आहे. सागरचे वडील अगत्यानं बोलले, पोह्यांची तारीफ केली. आई बारीक नजरेची, पण शब्द गोड. सागर लाजरा. ऋ. आणि तो गच्चीवर बोलायला गेले, खाली येताना ऋ.चं तोंड असं उजळलेलं... लहानपणी पालखी बघून यायची तशी.

मग सागरच्या आईनं विचारलंच, "घरात काय आजारबिजार? आपलं विचारून घ्यावं म्हणून, राग मानू नगासा."

आत्ती पटकन, "आमच्यात सर्दीसुद्धा हुईत न्हाय."

माझ्या घशात खोकला तटून बसलेला. पाणी पीत राहिले. पेला रिकामा झाला तरी तोंडाला लावून होते.

११ मार्च
बरं वाटतंय. खरंच बरं. पहाटेचा खोकला नाही, जिना एका दमात. रोजचा पंप परवापासून घेतला नाही. उगीच सवय कशाला. आत्ती म्हणतात तेही अगदीच खोटं नसेल.

ह्यांना सांगितलं, गेला बहुतेक. ते इतके खूश झाले की येताना भजी घेऊन आले.

१८ मार्च
घरी आणलं काल. उशीला टेकून लिहितेय, अक्षर वाकडं.

होळीच्या धुरानंच सुरुवात झाली होती, मी अंगावर काढलं. परवा शेवटचा खेटा, भर दुपारी दुकानापुढं पोरांनी गुलालाची परात उधळली. वाऱ्यानं सगळा ढग आत. पहिल्यांदा खोकला, मग खोकलाही बंद. श्वास आत जाईना आणि बाहेरही येईना. कुणीतरी पालथ्या हातानं पाठीत मारत होतं. कुणी म्हणत होतं, आडवी करा तिला. ऋ. ओरडली, "आडवी करू नका, बसवा! पुढं वाकवा!" निळा तिनंच आणला, तिनंच दाबला. परत दाबला. फरक नाही.

शेजारच्या फुलवाल्यानं गाडी काढली. घाटात खाली उतरताना खिडकीबाहेर सगळं दिसत होतं, झाडं, चालत येणारी माणसं, आणि सगळ्यांना श्वास येत होता. असं वाटलं, ह्या एवढ्या लोकांत मला एकटीला हवा पुरत नाही. मी काहीतरी बोलायला गेले. ऋ. म्हणाली, "आई, बोलू नको. नुसता सोड. हळू सोड."

दवाखान्यात तोंडावर मास्क लावून वाफेचं औषध, शिरेतनं इंजेक्शन. संध्याकाळी एक पूर्ण वाक्य बोलले. 'पाणी दे गं ऋतू' एवढंच. ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मॅडम आल्या. "रोजचा बंद केला होता?"

"बरं वाटत होतं."

"बरं वाटत होतं ते त्याच्यामुळंच की हो." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मार्च
आक्काकडे, गडमुडशिंगीला. मॅडमनी चार-पाच दिवस डोंगरापासून लांब राहायला सांगितलं. इथं गोठा आहे, वैरण आहे, तरी छाती मोकळी. रात्रभर झोपले. इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळ्यांनाच पहाटे असं उठून बसावं लागतं.

दुपारी ऋ. आली. स्टँडवरनं चालत. अंगणात पोहोचली तेव्हा धापा टाकत होती, मग आक्काच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली आणि हसता हसता खोकला सुरू. कोरडा. थांबेना. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"कधीपासनं गं?"

"काय कधीपासनं?"

"हा खोकला."

"कायम हाय की. हसलो, पळालो की येतोय. तू काय बघालीस अशी?"

आधी मला हे का ऐकू आलं नाही? शाळेत धावण्यातनं नाव काढून घेतलं तेव्हा आळशी म्हणून मीच ओरडले. पायऱ्या चढताना मध्येच थांबून मोबाइल बघत उभी राहते. मोबाइल बघत नसते ती.

२४ मार्च
घरी परत. आता दिवसभर तिचा श्वास ऐकते. भाकरी थापताना, भांडी घासताना. ती खोलीत अभ्यास करत असते, मी दाराशी.

"आई, कान लावून बसू नको. मी काय मरालोय व्हय?"

म्हटलं, एकदा मॅडमना दाखवू. म्हणाली, चैत्राची यात्रा झाल्यावर. मग हळूच, "आन् सागरच्या घरी काय सांगायचं?"

तिला तो आवडलाय. रोज फोन असतो. आत्तींना माहीत नाही, मला आहे.

१ एप्रिल
पाडवा झाला म्हणून आज कबनूरला घर बघायला गेलो. हे, आत्ती, मी, ऋ.

रस्त्यापासनंच मागांचा खडखडाट. खालच्या शेडमधनं वर जायचा जिना. कापसाचे बारीक तंतू सगळीकडे, खिडकीच्या गजांवर, फोटोंच्या हारांवर, सागरच्या आईच्या केसांत. उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होते. दिसायला छान. मी पदर नाकाला लावला, सर्दीचं निमित्त सांगितलं.

ऋ. जिन्यातच खोकली. चहा येईपर्यंत तीनदा. डोळ्यांत पाणी. सागरची आई पाणी घेऊन आली, "नवीन माणसाला व्हतंय तसं. सवय हुतीया सगळ्यांस्नी."

मला त्या घरात काही वाईट दिसलं नाही. स्वच्छ, भांडी चकचकीत, देवघरात ताजी फुलं. आणि मी बघत होते माझी पोरगी तिथं पहाटे एकटी उठून बसली आहे, श्वास शोधत, आणि खालनं मागाचा आवाज, त्यामुळे शेजारच्या माणसालाही ऐकू येत नाही.

ठरलं असं: यात्रेला ते डोंगरावर येणार. देवापुढंच सुपारी फोडायची.

३ एप्रिल
बोलले मी. सगळ्यांपुढं. म्हटलं, आधी तपासणी, मग सुपारी.

हे: "यात्रा तोंडावर आलीया आन् तुझं हे काय?"

आत्ती: "ठरलेलं मोडाय निघालीस. लग्न झालं की सगळं बरं हुतंय."

"माझं झालं का?"

आत्ती मटकन खाली बसल्या. मग जे बोलल्या ते मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा पाठचा भाऊ तरणाताठा असताना गेला. "छाती भरली म्हणायचे. दमा म्हणू दिईत न्हवता बाबा. माझं लग्न ठरत हुतं तवा." आणि उठून आत गेल्या.

म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती आहे. तरी लपवायचंच म्हणतात. की म्हणूनच?

ऋ. शेवटी म्हणाली, "माझ्या छातीवर तुम्ही सगळे भांडालाय. मला ठरवू द्या की." आणि ठरवलं काहीच नाही.

८ एप्रिल
सुटा गुलाल आत आणायचाच नाही, असं हे आपणहून म्हणाले. बाहेर ताडपत्रीखाली मांडणार, वारा पलीकडे जातो त्या बाजूला, विकायला स्वतः उभे राहणार. मी आत खोबरं, नारळ आणि दवणा. दवण्याच्या जुड्या आज आल्या. वास सोसतो मला, देवाची कृपा.

एवढं केलं त्यांनी. दोऱ्या बांधत राहिले. मी खालनं दोरी धरली.

ऋ.च्या तपासणीचं मात्र नाव काढत नाहीत. माझा रोजचा नियमानं. निळा नाही.

 

१४ एप्रिल
काल लिहायला हात उठला नाही. यात्रा पार पडली. नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढं प्रत्येक जण वेगळं सांगेल.

परवा सकाळपासनं सासनकाठ्या, देवाच्या मानाच्या उंच काठ्या, नाचत वर येत होत्या. सगळा डोंगर गुलाबी, माणसं ओळखू येईनात. "चांगभलं"चा नुसता गजर. मी आत बसून, मास्कवर मास्क. दुपारी कबनूरची मंडळी आली, सागर, आई, वडील. पुडक्यात ऋ.ला साडी, सुपारी, सगळं घेऊन. आत्तींनी ओवाळलं. दर्शन करून येऊ आणि मग बसू, असं ठरत होतं.

गर्दीमुळं ह्यांना आवरेना, म्हणून ऋ. बाहेर ताडपत्रीखाली गेली. मी नको म्हटलं, ऐकू गेलं नाही. एक काठी दुकानापुढंच थांबून नाचायला लागली. वरनं गुलाल, खालनं गुलाल. ढग खाली बसला तेव्हा ऋ. खांबाला धरून उभी होती. खोकत. मग आत आली ती वाकूनच.

आत्ती म्हणाल्या, "ठसका लागला पोरीला, पाणी द्या."

सागरची आई बघत होती. मी ऋ.कडे बघितलं. तिच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मला माहीत आहे ते आतनं कसं असतं. निळा माझ्या कमरेला पिशवीत. हात पिशवीवर गेला आणि तिथंच थांबला. देवा, थांबला. आत्ती माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको नको.

मग ऋ.नं हात पुढं केला. सगळ्यांपुढं. "आई, पंप दे."

दिला. बाटलीसारखी नळी असते ती लावली, दाबला, "हळू घे, आता सोड" म्हणत राहिले. पुन्हा दाबला. बाहेर ढोल, आत तिचा श्वास. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले.

मी सागरच्या आईला म्हटलं, "पंप माझा आहे. मला दमा आहे. हिलाही असणार. तुम्हांला आधी सांगायला हवं होतं."

तिनं आत्तींकडे बघितलं. आत्तींनी जमिनीकडे. सागरचे वडील म्हणाले, "बरं, दर्शनाला उशीर हुतोय." पुडकं परत उचललं त्यांनी. सागर दारात रेंगाळला, ऋ.ला काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. गेला तोही.

तिकडनंच परस्पर खाली उतरले.

मॅडमना संध्याकाळी फोन केला. म्हणाल्या, त्या वेळेला दिलंत ते ठीक, पण आता उशीर नको, आणा तिला.

१८ एप्रिल
ऋ.नं फुंकलं. काचेतनं बघत होते. माझ्यापेक्षा जोरात फुंकते.

आहे. मॅडम म्हणाल्या, सौम्य आहे, लवकर आलात, रोजचं औषध नीट घेतलं तर धावेल, डोंगर चढेल, सगळं करेल. मी रडायला लागले. ऋ. नाही. तिनं सरळ विचारलं, "यंत्रमागाच्या वरच्या घरात राहू शकतो का मी?"

मॅडम म्हणाल्या, "औषध घेऊन राहशीलही काही दिवस. पण दिवा वाऱ्यात ठेवायचा आणि दिवसभर हात आडवा धरून बसायचं, असं होईल ते."

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. हातात तिचा स्वतःचा नवा पंप. लपवला नाही. समोरची बाई बघत होती तर तिला म्हणाली, "दम्याचा हाय, मावशी." असं सांगितलं जसं चष्म्याचा नंबर सांगावा.

२२ एप्रिल
कबनूरचा फोन नाही. पाकाळणी झाली, देवळातला गुलाल धुऊन निघाला, आमच्या पन्हाळीतनं अजून गुलाबी पाणी येतंय.

आत्ती माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वाढलं तर ताट ओढून घेतात, बास. हे म्हणतात, दुसरं स्थळ बघू. ऋ. म्हणते, "बघा की. पहिलं वाक्य पंपाचं सांगायचं मात्र."

धीट आहे. पण परवा गच्चीवर एकटी उभी होती, फोन हातात, स्क्रीन काळी.

सागरला तिनं कळवलंय, मागावर राहणार नाही. तो म्हणाला, जरा वेळ दे. कसला वेळ, कुणाकडनं, तिलाही माहीत नाही. आणि मी? मी खरं बोलले म्हणून पोरीचं घर गेलं असं एखाद्या पहाटे वाटतं. मग तिची ती गळ्याखालची खळी आठवते आणि वाटतं, नाही. मग पुन्हा वाटतं.

२७ एप्रिल
हे आत्ताच लिहून ठेवते, आलेली बाई खाली हात-पाय धुते आहे तोवर.

सकाळी दुकान झाडत होते, ओल्या फडक्यानं, झाडू बंद केलाय. एसटीतनं उतरून एक बाई सरळ दुकानात आली. सागरची आई. एकटी. सागर नाही, वडील नाहीत. आत्ती दारातच होत्या, त्यांना म्हणाली, "घोटभर पाणी द्या." आत्तींनी दिलं. दोघी एकमेकींकडे बघेनात.

मी म्हटलं, बसा. बसली. पदराची गाठ सोडली, बांधली.

"लग्नाचं बोलाय आलो न्हाय मी. ते पुरुषमाणसांचं चाललंय, काय ते ठरंल." मग खाली बघत, "तुमच्या त्या डॉक्टरीणबाई कुठं बसत्यात? सागरच्या वडलांस्नी दावायचं हाय."

मी फडकं बाजूला ठेवलं.

"पहाटे उठून बसत्यात. खिडकीला तोंड लावून. लई वर्सं झाली. आमी कापसाची सवय म्हणतोय त्याला. येतो म्हणत न्हाईत ते. तुमी सांगा की त्यांस्नी, नळीत फुंकायचं असतंय नुसतं, दुखत न्हाय म्हणून. तुमचं ऐकतील."

"माझं का?"

"तुमी बोलला न्हाईसा का सगळ्यांपुढं."

पत्ता सांगितला. तरी उठेना. म्हणून म्हटलं, मंगळवारी मी ऋ.ला घेऊन जाणारच आहे, तुम्ही त्यांना घेऊन या, तिथंच भेटू. 'बरं' म्हणाली. येतील की नाही सांगता येत नाही. सागरबद्दल मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आत्तींनी न सांगता चहा टाकलाय. आलं घातल्याचा वास वरपर्यंत येतोय.

ऋ. आत्ता खोलीतनं हाक मारून विचारतेय, "आई, कोण आलंय गं?"

काय सांगू? पाहुणी? विहीण? पेशंटची बायको?

म्हटलं, "खाली चल. तूच बघ."